इमारतीचा पाया : पाइल, ग्राउटिंग आणि आपण



अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेत शिकलो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील नोकरदार कुटुंबाच्या बाबतीत मात्र ही तिसरी गरज पहिल्या दोन्हींना भारी पडते. पंधरा-वीस वर्षे पगारातून हप्ता कापला जातो, तेव्हा कुठे साडेचारशे-पाचशे चौरस फुटांचे घर आपल्या नावावर होते. असे घर ज्या पायावर उभे आहे, त्या पायाविषयी आपल्याला किती माहिती असते?

आम्ही अभियंते नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. परंतु गृहकर्जाच्या फायली आमच्या टेबलावरून जातात. त्यांत करारनामा असतो, इंडेक्स टू असतो, मंजूर नकाशाची प्रत, वकिलाचा टायटल रिपोर्ट आणि मूल्यांकनाचा अहवाल असतो. जमीन कोणाची आहे हे सांगणारे कागद भरपूर असतात. जमीन कशी आहे हे सांगणारा कागद मात्र आमच्या पाहण्यात क्वचितच आला. इमारत झुकली, भिंत तडकली, सोसायटीच्या सभेत कोणी 'पाइल मारा' म्हणाले, कोणी 'ग्राउटिंग करून टाका' म्हणाले, की या न पाहिलेल्या कागदाची आठवण होते. म्हणून हा विषय आम्हाला जसा समजला तसा साध्या भाषेत मांडत आहोत.

आपल्या पायाखालची जमीन

महाराष्ट्राच्या बऱ्याच मोठ्या भागाखाली ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला काळा कातळ आहे. आपल्या पूर्वजांनी सह्याद्रीत आणि साष्टीत लेणी कोरली ती अशाच ज्वालामुखीजन्य खडकात. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे सापडतात. त्या दात्यांच्या दानातून झालेल्या कामांना वेगळा पाया घालावाच लागला नाही, कारण डोंगर हाच पाया होता.

आपल्या वस्त्यांखालीही कातळ आहे, पण तो सगळीकडे हाताशी नाही. टेकडीलगतच्या भागात चार-सहा फुटांवर मुरूम लागतो आणि त्याखाली खडक. खाडीच्या बाजूला, म्हणजे दिवा, कळवा-खारेगाव, डोंबिवली पश्चिमेचे मोठागाव, कल्याणचा दुर्गाडीकडील भाग अशा ठिकाणी, चित्र बदलते. तिथे पूर्वी खाजणे, मिठागरे आणि भातशेती होती. वर डंपरने टाकलेला भराव, त्याखाली खाडीचा मऊ काळा गाळ, त्याखाली मुरूम आणि शेवटी खडक अशी उतरंड तिथे आढळते. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात खडक लवकर लागतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात तो बराच खोल असतो, असेही घडते. याशिवाय बुजवलेली तळी, नाले आणि विहिरी आहेतच. घाटकोपरच्या एका सोसायटीत १३ जून २०२१ रोजी उभी असलेली मोटार पाहता पाहता जमिनीत गडप झाली. खाली जुनी विहीर होती आणि तिच्यावर काँक्रीट घालून गाड्या उभ्या केल्या जात होत्या.

जमिनीखाली काय आहे ते पाहण्याची रीत ठरलेली आहे. बोअर घेऊन खालचे थर क्रमाने काढतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडून एक पोकळ नळी मातीत ठोकतात. नळी पहिले १५ सेंटिमीटर रुतल्यावर पुढचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. चारपेक्षा कमी ठोके लागले तर चिकणमाती मऊ समजायची आणि पन्नासच्या वर लागले तर थर चांगलाच कठीण. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या बांधकामावर ही चाचणी चालू असेल तर जरूर पाहावी.

वजनाचे साधे गणित

आरसीसी इमारतीचे वजन माणसे आणि सामानासह दर मजल्याला प्रत्येक चौरस मीटरमागे ढोबळमानाने १.२ टन धरू. तळमजला अधिक चार अशी पाच स्लॅबची इमारत घेऊ. एका कॉलमच्या वाट्याला प्रत्येक मजल्यावर १२ चौरस मीटर जागा येते असे मानू. १२ गुणिले ५ गुणिले १.२ म्हणजे त्या एका कॉलमवर ७२ टन भार आला.

आता हा भार जमिनीवर पसरायचा आहे. आपल्याकडील जुन्या प्रमाण तक्त्यांत अतिशय मऊ चिकणमातीसाठी चौरस मीटरला सुमारे ५ टन आणि ट्रॅपसारख्या अखंड कठीण खडकासाठी सुमारे ३३० टन भार सुरक्षित मानला आहे. मऊ गाळावर ७२ टन ठेवायचे तर १४.४ चौरस मीटरचे फुटिंग हवे. पण कॉलमच्या वाट्याची जागाच १२ चौरस मीटर आहे! म्हणजे फुटिंगे एकमेकांवर चढतील. अशा जमिनीवर उथळ फुटिंगची पाच स्लॅबची इमारत गणितातच बसत नाही. घट्ट मुरमाची ताकद चौरस मीटरला २५ टन धरली, तर तेच काम तीन चौरस मीटरपेक्षा कमी जागेत होते.

इमारत थोडीफार खचतेच, आणि सगळी सारखी खचली तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते एक कॉलम खचला आणि शेजारचा जागेवर राहिला तर. दोन कॉलममधील अंतराच्या तीनशेव्या हिश्शाएवढा फरक पडला की भिंतींना तडे जाऊ लागतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. चार मीटर अंतरासाठी हा फरक फक्त १३ मिलिमीटर होतो. म्हणून एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात गाळ असलेला प्लॉट सर्वांत जास्त त्रास देतो.

पाइल म्हणजे काय?

वरची जमीन भार घेत नसेल तर भार खालच्या कठीण थरापर्यंत पोचवायचा, एवढीच पाइलची कल्पना आहे. पाइल म्हणजे जमिनीत पुरलेला लांब खांब. तो टोकाशी खडकावर टेकतो आणि बाजूंनी मातीला घट्ट धरून राहतो.

नव्या इमारतीसाठी आपल्याकडे बहुधा जागेवर भोक पाडून ओतलेले पाइल करतात. यंत्राने ठरलेल्या व्यासाचे भोक पाडतात. मऊ मातीत ते ढासळू नये म्हणून वर पोलादी नळी बसवतात किंवा बेंटोनाइट या विशिष्ट मातीचे दाट पाणी भरून ठेवतात. खडक लागल्यावर त्यातही काही खोलीपर्यंत भोक नेतात. मग तळ धुऊन साफ करतात, सळ्यांचा पिंजरा सोडतात आणि तळापर्यंत पोचणाऱ्या नळीतून काँक्रीट खालून वर भरत आणतात. काँक्रीट वरून नुसते ओतले तर ते चिखलपाण्यात मिसळून निकामी होते. तळाचा चिखल न काढता काँक्रीट भरले तर खडकापर्यंत नेलेला पाइलही चिखलाच्या गादीवर बसतो. काम झाल्यावर काही पाइलवर ठरलेल्या भाराच्या दीडपट वजन देऊन तो किती खचतो हे पाहतात. या सर्वांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २९११ हे मानक आहे.

गावाकडे काळ्या मातीत घर बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे साध्या पायाची घरे तडकतात. यावर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बुडाशी फुगा असलेला पाइल विकसित केला. खोडाच्या साधारण अडीच पट व्यासाचा हा फुगा ऋतूंचा परिणाम न होणाऱ्या खोलीवर असतो. वरची माती हलली तरी पाइल जागेवर राहतो.

पाइलवरच्या इमारतीतही एक लक्षण हमखास दिसते. इमारत जागेवर असते, पण अंगण, पायऱ्या आणि कंपाउंडची भिंत हळूहळू खाली जाते, आणि जोत्याशी हात शिरेल एवढी फट पडते. भराव आणि गाळ दबत गेल्याचा हा परिणाम आहे. याचा अर्थ इमारत कोसळणार असा नाही. परंतु त्या दबण्याने ड्रेनेजचे आणि पाण्याचे पाइप तुटतात. शिवाय खाली जाणारी माती पाइलला धरून खाली ओढते, म्हणजे त्यावरचा भार वाढवते. म्हणून ही फट नुसती सिमेंटने बुजवून विसरून जाऊ नये.

उभ्या इमारतीला नवे पाय

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. माणसे राहत असलेल्या इमारतीचा पाया बळकट करता येतो का? येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत मोडकळीस आलेल्या जुन्या इमारती सावरण्याचा प्रश्न होता. तेथील अभियंते फर्नांदो लिझ्झी यांनी १९५२ च्या सुमारास बारीक पाइलची पद्धत पुढे आणली. झाडाची मुळे जशी मातीला धरून ठेवतात तसे हे पाइल, म्हणून त्यांना 'मूळ-पाइल' असे नाव पडले. आज जगभर त्यांना मायक्रोपाइल म्हणतात.

मायक्रोपाइलचा व्यास साधारण १०० ते ३०० मिलिमीटर असतो. त्यासाठी लागणारे ड्रिलिंग यंत्र लहान असल्याने ते तळमजल्याच्या खोलीतही उभे राहू शकते. जुन्या फुटिंगमधून किंवा त्याच्या शेजारून खडकापर्यंत भोक पाडतात, त्यात जाड सळई किंवा पोलादी नळी सोडतात आणि तळापासून सिमेंटची पातळ खीर, म्हणजे ग्राउट, भरत येतात. आपल्या ७२ टनांच्या कॉलमसाठी प्रत्येकी २० टन क्षमतेचे मायक्रोपाइल धरले, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार लागतील. एकाच बाजूला घातले तर कॉलम तिरका ओढला जाईल.

इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे पाइल आणि कॉलम यांची गाठ. नव्या पाइलवर आरसीसी टोपी घालून ती जुन्या कॉलमला सळ्यांनी पक्की जोडावी लागते. ही गाठ कच्ची राहिली तर पाइल एकीकडे आणि भार दुसरीकडे. दुसरी गोष्ट क्रमाची. सगळे कॉलम एकदम उघडे करायचे नसतात. एक-एक, तोही लांबलांबचा, घ्यायचा असतो, आणि काम चालू असताना इमारतीची पातळी रोज मोजायची असते. तिसरी गोष्ट अपेक्षेची. मायक्रोपाइल पुढचे खचणे थांबवतात. खचलेली इमारत ते आपोआप वर उचलत नाहीत आणि पडलेले तडेही बुजवत नाहीत. तडे भरण्याचे काम खचणे थांबल्याची खात्री झाल्यावर करायचे.

ग्राउटिंग : कुठे लागू आणि कुठे नाही

जमिनीत दाबाने सिमेंट किंवा तत्सम द्रव्य भरणे म्हणजे ग्राउटिंग. कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये दिएप बंदरात शार्ल बेरिन्यी यांनी १८०२ मध्ये चिकणमाती आणि चुना यांचे मिश्रण जमिनीत भरून बांधकाम सावरले होते. आज याचे अनेक प्रकार आहेत. वाळू, दगडगोटे किंवा मोकळा भराव असेल तर पातळ ग्राउट फटींत झिरपून सगळे एकसंध करते. जमीन पोकळ असेल तर घट्ट मसाला दाबून गोळा तयार करतात आणि भोवतालची माती दाबून घट्ट करतात. खडकातील भेगाही ग्राउटने भरतात.

पण खाडीच्या गाळात हे झिरपणे चालत नाही. चिकणमातीच्या कणांमधील फटी इतक्या सूक्ष्म असतात की सिमेंटचा कण त्यांत शिरतच नाही. दाब वाढवला की माती फाटते आणि ग्राउट वाट मिळेल तिकडे, म्हणजे ड्रेनेजच्या पाइपात, शेजारच्या प्लॉटमध्ये किंवा फरशीखाली जाते. पोती संपतात, बिल वाढते आणि गाळ गाळच राहतो. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार होतो. मऊ गाळासाठी जेट ग्राउटिंग नावाची वेगळी पद्धत आहे. तिच्यात शेकडो वातावरणांच्या दाबाच्या झोताने माती कापून ती सिमेंटशी कालवतात आणि जमिनीतच खांब तयार करतात. परंतु खांब घट्ट होईपर्यंत त्या जागेची माती अधिकच पातळ झालेली असते. म्हणून जुन्या इमारतीखाली ते काम फार जपून आणि टप्प्याटप्प्याने करावे लागते.

निदानाशिवाय औषध दिले तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण पिसाच्या कलत्या मनोऱ्याचे आहे. १९३४ मध्ये त्याच्या पायात तीनशेहून अधिक छिद्रे पाडून टनावारी सिमेंट भरण्यात आले. मनोरा सावरण्याऐवजी आणखी कलला. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. पुढे तज्ज्ञ समितीने वर्षानुवर्षे मोजमापे घेतली आणि उलटाच उपाय केला. मनोरा ज्या बाजूला कलला होता, त्याच्या विरुद्ध बाजूची माती तिरक्या भोकांतून थोडी थोडी काढून घेतली. मनोरा त्या बाजूला किंचित बसला, वरचे टोक चाळीस सेंटिमीटरहून अधिक मागे आले आणि डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. जे काम भरलेल्या सिमेंटने साधले नाही, ते नेमकी जागा पाहून काढलेल्या मातीने साधले.

दोष पायाचाच आहे का?

आपल्या भागातील प्रत्येक पडझडीचे कारण पाया नसतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. काही महिन्यांत घाईने मजल्यावर मजले चढवलेली ती इमारत होती. ठाकुर्लीची 'मातृकृपा' २८ जुलै २०१५ रोजी पडली आणि ९ जण गेले. ती जुनी आणि धोकादायक होती. कल्याण पूर्वेच्या 'सप्तशृंगी' इमारतीत २० मे २०२५ रोजी वरच्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळून ६ जण दगावले. घाटकोपरच्या 'सिद्धी साई' इमारतीत २५ जुलै २०१७ रोजी १७ जणांचा जीव गेला; तिथे तळमजल्यावर फेरफाराचे काम चालले होते. कॉलम तोडला किंवा सळ्या गंजल्या, तर खालचा पाया कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही.

म्हणून भेगा वाचायला शिकावे. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या, मजल्यामागून मजल्यावर त्याच बाजूला दिसणाऱ्या भेगा खचण्याकडे बोट दाखवतात. दारे अचानक अडकू लागणे, फरशीवर सांडलेले पाणी एकाच कोपऱ्याकडे धावणे हीही तीच खूण. उलट कॉलममध्ये सळईच्या रेषेने उभी भेग, तांबूस डाग आणि पोपडे दिसले तर तो गंज आहे. गंजलेले लोखंड फुगून काँक्रीट फोडते, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत हा रोग जास्त. त्याची दुरुस्ती वेगळी असते.

भेग वाढते आहे की थांबली, हे पाहण्याचा उपाय स्वस्त आहे. भेगेवर काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तिच्याजवळ तारीख लिहावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे असे समजावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांतील अंतर दर महिन्याला वहीत लिहिले तरी अभियंत्याला मोठी मदत होते.

खचण्याचे कारणही शोधावे. पुष्कळदा ते फुटलेल्या ड्रेनेजमध्ये किंवा गळक्या जमिनीखालच्या टाकीत असते. पाणी बारीक माती धुऊन नेते आणि पायाखाली पोकळी होते. अशा वेळी आधी पाइप बदलायचा, मग पोकळी भरायची. दुसरे कारण शेजारचे खोदकाम. वडाळ्याच्या लॉइड्स इस्टेटजवळ २५ जून २०१८ रोजी लगतच्या खोदकामाच्या बाजूची भिंत कोसळली आणि सोसायटीच्या मोटारी खड्ड्यात गेल्या. पुनर्विकासाच्या या दिवसांत शेजारी तळघर खोदले जाणार असेल, तर खड्ड्याच्या कडेला आधाराचे पाइल आहेत का हे विचारावे. आपल्या इमारतीची छायाचित्रे आणि भेगांची नोंद खोदकामापूर्वीच करून ठेवावी.

सोसायटीने काय करावे?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. महानगरपालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याची इमारत; सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्तीची; सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्तीची; आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-१ इमारतीत पाइल मारून पैसा घालवण्यात अर्थ नाही. तिथे जीव वाचवणे हेच काम.

पैशाचे म्हणाल तर तो आमच्या धंद्याचा भाग. उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का दरवर्षी जमा करण्याची तरतूद आहे. घराचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर हे दोन्ही मिळून वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला साडेआठशेच्या आत होतात. ही रक्कम वेळेवर भरणारी सोसायटी अडचणीच्या वेळी वर्गणीसाठी दारोदार फिरत नाही.

काम देताना ठेकेदाराच्या सल्ल्यावर विसंबू नये. पाइल मारणाऱ्याला पाइलच हवे दिसणार आणि ग्राउट विकणाऱ्याला ग्राउट. आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल अभियंता, मग मातीची चाचणी, मग आराखडा, मग महानगरपालिकेची परवानगी आणि सर्वांत शेवटी निविदा, असा क्रम असावा. निविदेत पाइल किती खोल, खडकात किती, चाचणी कोणती हे लिहिलेले असावे. ग्राउटिंगचे बिल नुसत्या सिमेंटच्या पोत्यांवर देऊ नये. प्रत्येक भोकात किती दाबाने किती ग्राउट गेले, याची रोजची नोंद मागावी.

नवे घर घेणाऱ्यांनीही बिल्डरकडे तीन कागद मागावेत : मातीच्या चाचणीचा अहवाल, पायाचा आराखडा आणि पाइल असतील तर त्यांच्या भारचाचणीचा निकाल. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत संरचनात्मक दोष दिसला तर तो दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची असते. सोसायटी स्थापन होताना हे तीन कागद तिच्या दप्तरात घ्यावेत, म्हणजे तीस वर्षांनी पुढच्या पिढीला अंधारात चाचपडावे लागणार नाही.

विद्यार्थी मित्रांना एकच सुचवावेसे वाटते. कार्ल टेरझागी यांच्या १९२५ च्या ग्रंथाने मातीच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप दिले. आपल्या खाडीकाठच्या शहरांना हे शास्त्र जाणणाऱ्यांची गरज आहे, आणि आपल्या वस्त्यांतून असे अभियंते निघाले तर त्यासारखा आनंद नाही.

येत्या वार्षिक सभेत रंगकामाच्या विषयाआधी 'आपल्या इमारतीच्या पायाचे कागद कुठे आहेत?' हा प्रश्न एखाद्या सभासदाने उभे राहून विचारला, तरी आमच्या या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.